माळवदाचं घर देणारा मालक

निजामाच्या राजातली गोष्ट. नळदुर्गाजवळच्या एका मालकाच्या रानात आमी दर सुगीला ज्वारी काढाया ईट गावाहून जायचो. त्यो दर बोलण्यामागं "व्हय का न्हाय?" इचारायचा, अन् आपणच "व्हय" म्हणायचा.

एका साली गावात उंदरं मरून पडाया लागली. पलेगाला भिऊन समदं गाव रानात आलं. मालकानं रानातल्या आमच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, आपली बायकापोरं आणली, अन् आमाला गावातल्या त्याच्या घरात धाडलं.

"माळवदाचं घर देतो तुमास्नी. व्हय का न्हाय?"

माझी धाकटी जाऊ म्हणली, "मालक, इतकं चांगलं हाय तर तुमीच ऱ्हावा की!"

त्यानं हसत घराची किल्ली तिच्या हातावर ठिवली.

चौथ्या दिशी जावेच्या काखंत गाठ आली. आमची माणसंबी तिच्याजवळ जाईनात. मालकाला कळलं, तसा त्यो घरात शिरला अन् तिला पाठीवर घेऊन रानात आणलं. लिंबाखाली सा दिवस त्यानंच पाणी पाजलं. जाऊ वाचली.

ह्यो माणूस कसला, मला अजून उमगलं न्हाय. म्या जावेला इचारलं, "अगं, त्याला दुवा द्यावी का शिव्या?"

"शिव्या त्याच्या पाठीवरच दिल्या म्या," ती म्हणली. "त्यो रडत हुता का धापा टाकत हुता, ते मातर कळलं न्हाय."