कॅलेंडरची पट्टी

"थांबा भाऊ, भित जागी आहे."

असं म्हणून मिस्त्री भिंतीला तळहात लावायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ छिन्नी-हातोडा खाली. भित्री माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील; पण भिंती फोडायचं काम करणारा आणि भिंतींनाच घाबरणारा माणूस मी हा एकच पाहिला.

ते गवंडीकाम आणि नळाचं काम, दोन्ही करत. हिंगणीहून एसटीनं वर्ध्याला आमच्याकडे यायचे. दोन हजार सालानंतरची गोष्ट. बाबांना अर्धांगवायू झाला होता, अंगणातल्या संडासापर्यंत त्यांना नेणं जमेना. म्हणून त्यांच्या खोलीतच एका बाजूला न्हाणीघर काढायचं ठरलं. घर जुनं, भिंती मातीच्या. मिस्त्री जेवायलासुद्धा ताट घेऊन खोलीच्या मधोमध बसत. बायको हसून म्हणायची, "भिंतीला टेकून बसा की."

"नोका वहिनी, घास उतरत नाई."

तडा दिसला की ते जुन्या कॅलेंडरची पट्टी कापून कणकेच्या खळीनं त्यावर आडवी चिकटवत. "कागद फाटला का समजा, भित चालून राह्यली." आमच्या घरात कुठे चतुर्थी चिकटली होती, कुठे अमावस्या. एकही पट्टी फाटत नव्हती, त्यामुळे आम्ही मनसोक्त चेष्टा करायचो.

मग त्यांनी बाबांच्या उशामागची भिंत खोदून आत पाइप घातला, सांधा गळू नये म्हणून त्याला सुतळी आणि सफेदा गुंडाळला, वरून सिमेंट लिंपलं आणि बाजूच्या तड्यावर पट्टी चिकटवली. काही दिवसांनी सकाळी आले ते पिशवी खांद्यावर तशीच ठेवून त्या भिंतीवरच्या पट्टीकडे गेले. पट्टी फाटली होती. त्यांनी तळहात लावला, तो ओला झाला. ते बाबांच्या खाटेकडे वळले.

"काकाजीले हलवा."

"कायले?" बाबांचे शब्द बोबडे झाले होते, हट्ट मात्र शाबूत होता. "हे भित माह्या बापानं बांधली."

"चांगलीच बांधली काकाजी. पाणी म्या पाजलं तिले."

पुढे मिस्त्रींनी विचारलंच नाही. एका बाजूनं त्यांनी खाट उचलली, दुसरीकडून मी. बाबा शिव्या देत होते. ओसरीत खाट टेकवली आणि मागे धप्प झालं. आवाज फार मोठा नव्हता. उशीच्या जागी मातीचा ढीग होता.

मिस्त्री अंगणात उकिडवे बसून मोठ्यानं रडत होते. "माही माय अशीच भितीखाली गेली भाऊ. आन आज माह्याच हातानं..." बाबांनी चालत्या हातानं खूण करून त्यांना जवळ बोलावलं आणि तो हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

पडलेल्या भिंतीच्या जागी पत्र्याचा सांगाडा उभारून त्यावर जिप्समचे पांढरे बोर्ड लावले. मिस्त्रींनी ते बोटानं वाजवून पाहिले. "हे भित नोय भाऊ, पडदा आहे. पडला तरी मानूस मरत नाई." त्या दिवशी ते पहिल्यांदा पाठ टेकून जेवले.

पुढे बाबा गेले. काही वर्षांनी मिस्त्रीही तापानं गेल्याचं कळलं. आता त्या खोलीत मी झोपतो. खाटेलगतच्या मातीच्या भिंतीवर मिस्त्रींची शेवटची पट्टी आहे. उठलो की चहाच्या आधी तिच्याकडे पाहतो.

आज ती फाटलेली दिसली. मी भिंतीला तळहात लावला, डोळे मिटले. भिंत कोरडी लागली, बाकी काही कळलं नाही. जागी आहे की झोपली, कोणाला विचारू?

खाट ओढत नेऊन मी त्यांच्या पडद्याला टेकवली आहे.