दुसरा कण

भूतखेत, दैवी वगैरे गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही. आयुष्यभर नर्सिंग केलं, विश्वास ठेवला तो फक्त उकळत्या पाण्यावर. तरी हे लिहितेय, कारण हे मी स्वतः पाहिलंय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. एका सकाळी सक्करदऱ्याहून शांता नावाची बाई आली. दारोदार फिरून पाटे-वरवंट्यांना टाकी लावायची. घाव घालताना छिन्नीची कपची उडून उजव्या डोळ्यात घुसली होती. सोबत म्हातारी आई — देवी येऊन लहानपणीच दोन्ही डोळे गेलेली.

"माहा डोळा वाचंल न जी?" शांता सारखी विचारत होती. "मायले माह्याशिवाय कोणी नाही."

एक्स-रेत लोखंडाचा एकच कण दिसला. डोळा बधिर करून डॉक्टरांनी छेद घेतला, विजेचं लोहचुंबक जवळ नेलं आणि टक्... कण टोकाला चिकटला. आता फक्त टाके घालायचे.

मी दोरा आणायला बाहेर आले. बाकावर म्हातारी उजवा डोळा तळव्याने दाबून बसली होती.

"एक निघाला वं, पोरी. दुसरा अजून टोचून राहिला."

"आजी, एकच होता. फोटोत दिसलाय."

"दोन हायेत. सकाळपासून माह्या डोळ्यात दोन जागी टोचून राहिलं होतं. आता एक जागा थंड झाली. सांग वं त्याईले, डोळा बंद नका करू म्हणा!"

थिएटरचं दार बंद होतं. आतलं बाहेर काही ऐकू येत नसे.

मी आत जाऊन चाचरत सांगितलं. वाटलं, डॉक्टर ओरडतील. त्यांनी लोहचुंबक जवळ ओढलं. मग म्हणाले, "पुन्हा लावून बघू. काय जातंय?"

पहिल्यांदा काही नाही. दिशा थोडी बदलली... काही नाही. तिसऱ्यांदा — टक्. केसाच्या टोकाएवढा बारीक कण! आत राहिला असता तर गंजून डोळा हळूहळू गेलाच असता.

मी धावत बाहेर आले. मी तोंड उघडायच्या आतच म्हातारीने डोळ्यावरचा हात काढला.

"निघाला," म्हणाली, आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

शांताला त्या डोळ्याने पुढे बरंच दिसू लागलं. डॉक्टरांनी केसपेपरवर 'दोन कण काढले' एवढंच लिहिलं. कागद माझ्याकडे देत म्हणाले, "सिस्टर, दुसरं काय लिहू?"

बारीक कण फोटोत सुटला असेल, मान्य. पण म्हातारीला कसं कळलं?... पुढे मीही आई झाले. शाळेत माझ्या मुलाचा हात मोडला, तेव्हा मी घरी निवांत चहा पीत बसले होते. मला काही म्हणजे काहीच जाणवलं नाही.