बीकरखालची चिठ्ठी

मी केमिस्ट्री शिकवते, आणि ज्या लॅबमध्ये शिकवते त्याच लॅबमध्ये मी एकदा चोरी केली आहे. हे वाक्य आज पहिल्यांदा कागदावर उतरतंय. तोंडातून तर कधीच बाहेर पडलं नव्हतं — घरात नाही, स्टाफरूममध्ये नाही, देवासमोरसुद्धा नाही. देवासमोर मी नेहमी दुसरंच काहीतरी बोलत राहिले.

काय चोरलं ते लगेच सांगता येत नाहीये. थोडं फिरून येते. चालेल ना?

आमचं कॉलेज लहान. नेरूळच्या एका गल्लीत तीन मजली इमारत, खाली झेरॉक्सवाला, वर केमिस्ट्रीचा मजला. पहिल्या वर्षाला तीन विषय, दुसऱ्याला दोन, आणि तिसऱ्या वर्षाला फक्त केमिस्ट्री — तोवर आम्ही अकराच जण उरलो होतो. पंचाहत्तर टक्के हजेरी, प्रत्येक प्रयोगावर तारखेसह सही, आणि वर्षाअखेर जर्नल सर्टिफाय झालेलं नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला दारातूनच परत. आमच्या विभागप्रमुख मॅडम या बाबतीत कुणाचं ऐकत नसत. माझं जर्नल वर्गात सगळ्यात देखणं होतं. आकृत्या पट्टीनं, रीडिंग लाल शाईत. रीडिंग बऱ्याचदा बनवलेली असायची — ती गोष्ट वेगळी. उत्तर किती यायला हवं ते पुस्तकात असतंच. उलटं गणित मांडलं की झालं. ती कबुली इथे देत नाहीये, तेवढं तर सगळेच करायचे.

सगळे म्हणजे, दर्शना सोडून.

दर्शना माझी लॅब पार्टनर, जवळच्याच शिरवणे गावची. आम्ही सेक्टरमधल्या सोसायटीतले, आई-वडील साताऱ्याकडून आलेले; ती मूळ गावातली. पहिल्या वर्षी ती ‘पानी’ म्हणाली की मागच्या बाकावर हसू फुटायचं. मीही हसायचे. मग तिला टायट्रेशन करताना पाहिलं आणि हसू आपोआप थांबलं. ब्युरेटचा नळ ती डाव्या हातानं असा धरायची, की थेंबसुद्धा पुरा पडायचा नाही. टोकाला लोंबणारा अर्धाच थेंब ती काचेला टेकवून आत घ्यायची, आणि फ्लास्कमधलं सगळं एकदम गुलाबी व्हायचं. तीन वेळा केलं तर तिन्ही वेळा तेच रीडिंग. मॅडम नवीन द्रावण बनवलं की ते बरोबर झालंय का हे बघायला दर्शनाकडे द्यायच्या. शिक्षिका विद्यार्थिनीकडून तपासून घेतेय — मला त्याचं काय वाटायचं सांगू? हेवा वाटायचा, हो. पण त्याहून जास्त मी थक्क व्हायचे. तोच गॅस, तीच काच, तीच बाटली. मग तिच्या हाताला हे कुठून येतं?

एकदा विचारलंही. तिचे आजोबा खाडीकाठच्या मिठागरात कामाला होते, तेव्हा मिठागरं होती तिकडे. ती म्हणाली, “आजा सांगाचा, मिठाला हात लावाचा नाय. त्याचं त्याला बसू द्याचं. घाई केली का बारीक पडतंय.” एवढंच. मी ते जर्नलच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. पाळलं मात्र कधी नाही.

तिच्या घरी एक गोष्ट ठरलेली होती आणि ती मला पुरती माहीत होती. एम.एस्सी.ला ऑरगॅनिकच्या जागा मोजक्या. पहिल्या यादीत नाव लागलं तर शीक, नाहीतर कंपनीत लाग, असं तिच्या वडिलांनी सांगितलं होतं. थिअरीत ती मध्यमच होती. इंग्रजीतून लिहिताना अडायची. तिचा सगळा भरवसा प्रॅक्टिकलवर होता. माझंही ऑरगॅनिकचंच स्वप्न होतं. पण मला नाही मिळालं तर आणखी एक वर्ष द्यायला माझे आई-वडील तयार होते. हा फरक मला परीक्षेच्या दिवशीही माहीत होता — हे मुद्दाम लिहून ठेवते.

परीक्षेला आलं ॲसिटॅनिलाइड. बनवायला सोपं, शुद्ध करायला चिवट. पहिल्यांदा जे हाती येतं ते मळकट असतं. ते उकळत्या पाण्यात विरघळवायचं, चिमूटभर चारकोल टाकून रंग काढायचा, गरम असतानाच गाळायचं आणि मग हळूहळू थंड होऊ द्यायचं. पाणी कमी पडलं तर ते विरघळत नाही, तेलासारखं तळाशी बसतं, आणि नंतर त्याचा गोळा होतो. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही तोंडपाठ असतं.

मी पाणी कमी घातलं. चारकोल टाकलाच नाही. लवकर आटपावं म्हणून बीकर सरळ बर्फात ठेवला आणि तोंडी परीक्षेला, व्हायवाला, गेले. परत येऊन बघते तर तळाशी करपलेल्या गुळाच्या खड्यासारखा तपकिरी गोळा. बीकर पुसून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. वेळ होता. चांगली चाळीस मिनिटं हातात होती. आणखी पाणी घालून पुन्हा उकळलं असतं, चारकोल टाकला असता, तर सुधारलं असतं. मला हे येत होतं. मी उठलेच नाही.

तेवढ्यात दर्शनाचा नंबर पुकारला. तिचं गाळणं चालू होतं — फनेलमधून थेंब थेंब पडत होतं, बीकरमध्ये नीटसं काही दिसतही नव्हतं, नुसती वाफ. तिनं हात पुसले, ओढणी सारखी केली आणि मला म्हणाली, “जरा बघ गं माजं. हलवू नको पन.”

आमच्या लॅबमध्ये ही रीतच होती. व्हायवाला जाताना पार्टनरला ‘बघ गं’ म्हणून जायचं. अख्ख्या वर्षात कुणी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

मी बघितलं. खरंच बघितलं. गाळणं संपलं तसा फनेल काढला, वर वॉच ग्लासची काचेची चकती ठेवली आणि तिथेच थांबले. आधी काही नव्हतं, अगदी नितळ पाणी. मग एका कडेला काहीतरी लकाकलं. मला वाटलं, काचेला चरा गेलाय. पण तो वाढत होता. पातळ, पांढरं, चकचकीत एक पातं पाण्यातून सरळ पुढे येत होतं. मग दुसरं आलं, मग एकदम सगळीकडून. कुणी हात लावत नव्हतं, कुणी सांगत नव्हतं, आणि ते आपापल्या जागी, आपापल्या कोनात येऊन बसत होतं. तीन वर्षं मी रेणूंच्या आकृत्या पट्टीनं काढल्या होत्या. खऱ्या रेणूंना ओळीत लागताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या अंगावर काटा आला. डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. बाहेर कुणीतरी वजनकाट्यावरून भांडत होतं, मला काही ऐकू येत नव्हतं. जगात असं काही असतं, हे कळून मी अक्षरशः हरखून गेले होते.

आणि तेव्हाच मला वाटलं — हे माझं हवं.

गुणांसाठी? हो, गुणांसाठी. पण नुसतं तेवढंच असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. मला ते चमकणारं माझ्या हातून झालेलं हवं होतं. इतकं सुंदर काही पाहिल्यावर माणूस चांगला होत असेल असं मला वाटायचं. मी तर ते पाहता पाहताच चोर झाले. कसं होतं हे? सोळा वर्षं याचा विचार करतेय, अजून कळलेलं नाही.

गरम काचेवरचा मार्कर पुसला जातो, म्हणून आमच्याकडे परीक्षा क्रमांकाची चिठ्ठी बीकरखाली ठेवायची पद्धत होती. मी चिठ्ठ्यांना हात लावला नाही. बीकर उचलले. इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. तिचा बीकर मी दोन्ही हातांत धरला आणि श्वास रोखून सरकवला, एक पातंसुद्धा हललं नाही. हलवू नको म्हणाली होती ना? आयुष्यात इतक्या काळजीनं मी काहीच उचललं नव्हतं. पोटच्या पोरीला पहिल्यांदा घेतलं तेव्हाही नाही.

दर्शना परत आली तेव्हा वीस मिनिटं उरली होती. तिनं आपल्या चिठ्ठीवरच्या बीकरमध्ये वाकून बघितलं. मग आपले हात उलटेपालटे करून बघितले — आधी पालथे, मग उताणे, जणू त्यांनाच काहीतरी लागलं होतं. माझ्याकडे वळून विचारलं, “काय झालं गं?”

आता येते मुद्द्यावर. बीकर सरकवला ते पाप होतंच. पण त्यापुढे मी जे बोलले ते त्याहून वाईट. मी म्हणाले, “पाणी कमी पडलं असेल तुझं.”

तिनं मान हलवली. तिला पटलं! तिचं पाणी कमी पडलेलं नव्हतं, तिनं दोनदा मोजून घातलेलं मी पाहिलं होतं. पण तिनं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. मी तिची पार्टनर होते. अदलाबदल झाली असेल हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही, कारण तिनं स्वतः तसं कधीच केलं नसतं.

क्रिस्टल गाळून, वाळवून मी दिलेली पुडी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी उजेडात धरली आणि मॅडमना बोलावून दाखवली. मॅडम खूश होऊन म्हणाल्या, “दर्शनाच्या संगतीनं हात सुधारला हं तुझा.” मी थँक यू म्हणाले.

माझं नाव पहिल्या यादीत लागलं. तिचं लागलं नाही. ती कंपनीत लागली. मी एम.एस्सी. झाले, नेट पास झाले, मॅडम निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी मी आले. दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी सांगते, घाई करू नका, त्याचं त्याला बसू द्या. मुलांना वाटतं, मॅडमचं स्वतःचं वाक्य आहे.

गुण गेले, जागा गेली, एवढंच मी तिचं घेतलं अशी माझी समजूत होती. त्यावर जगत होते. मनाशी म्हणायचे, एवढी हुशार मुलगी, कुठेतरी लॅबमध्ये नीट लागलीच असेल.

गेल्या महिन्यात ती भेटली. नव्या अभ्यासक्रमात मुलांना कंपनीत ट्रेनिंग सक्तीचं झालंय, त्याचे क्रेडिट असतात. चार मुलांना घेऊन नावड्याच्या पुढे तळोज्यातल्या एका कंपनीत गेले होते. गेटपासच्या खिडकीशी मागून हाक आली, आणि वळले तर दर्शना. जाड झालीये, चष्मा लागलाय. तिनं मला मिठी मारली, मुलांसमोरच. “मॅडम झालीस तू! मना ठावं होतं!” मग आम्हाला सगळ्यांना कँटीनमध्ये नेलं, चहा सांगितला. ती डिस्पॅचला आहे. पिंप मोजते, चलनं बनवते.

आमच्यातल्या एका मुलीनं दर्शनाला सहज विचारलं, “मॅडम, तुम्ही बी.एस्सी. केमिस्ट्री ना? मग लॅबमध्ये नाही गेलात?”

“बोलावलेलं ना, दोनदा,” दर्शना म्हणाली. “मीच नाय बोलले. आपला हात नाय तसा. आदी वाटाचं हाय. मग परीक्षेत कळलं.” तिनं हे हसत सांगितलं, कसलीही खंत नसल्यासारखं. इतक्या वर्षांपूर्वी निकाल लागलेली गोष्ट होती ती तिच्यासाठी.

मग ती मुलांकडे पुढे झुकली. “हात बगाचा तं तुमच्या मॅडमचा. त्या दिवशी हिच्या बीकरमधी जे क्रिस्टल पडलेले ना — एवढे लांब, नुसते चमकत होते. मी माजं टेन्शन विसरून बगत बसलेले. तसे मी परत कदी बगितले नाय.” हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता, आवाज हळू झाला होता.

तिथे सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. चारही मुलं माझ्याकडे कौतुकानं बघत होती, आणि त्यांच्यापेक्षाही जास्त कौतुकानं दर्शना बघत होती.

मी म्हणाले, “चहा घ्या रे, थंड होतोय.”