थांबायची खूण

घणाताईला बाजारात कुणी नावाने हाक मारत नसे, आणि तिचा हात पोचेल इतक्या जवळून टोमणाही मारत नसे. बाई अंगाने सुकडी, पण खांदे असे की नव्या गिऱ्हाइकाला वाटावं, हिने ते कुणाकडून तरी उसने आणलेत. थोरल्या भावाच्या लोहारकामाच्या दुकानात ती घण मारायची. दादा डाव्या हातातल्या सांडशीने लालबुंद लोखंड ऐरणीवर धरायचा, उजव्या हातातल्या लहान हातोडीने ‘इथे’ म्हणून ठोका द्यायचा, आणि नेमका तिथेच हिचा घण पडायचा. थांबायचं असलं की तो हातोडी ऐरणीच्या कडेवर दोनदा वाजवायचा. टण टण. मग घण कितीही वर गेलेला असो, तो उतरायचा बाजूच्या मातीत. दादा घणाकडे कधी बघायचाच नाही, त्याची नजर लोखंडावर. इतक्या वर्षांत त्याच्या बोटाला साधा ओरखडा आला नव्हता, आणि याचा तिला भारी अभिमान होता.

तिचा नवरा साथीच्या पहिल्याच तडाख्यात गेला. धडधाकट माणूस, दवाखान्याच्या व्हरांड्यात तोंड उघडं टाकून हवा मागत गेला. त्यामुळे लस आली तेव्हा ही रांगेत सगळ्यांच्या पुढे. लेक तर बाजाराच्या तोंडाशी, जुन्या गोदामात उघडलेल्या लसीच्या केंद्रावर कामालाच लागली. नोंदी करायची, घाबरटांचे दंड धरायची, आणि घरी येऊन त्यांच्या नकला करून दाखवायची.

दादाने मात्र लस घेतली नाही.

“आजार खोटा म्हणणारा मी नव्हे,” तो म्हणायचा. “मेव्हणा माझ्यासमोर गेला. पण दुकानाला टाळं लावलं तेव्हा मला कुणी विचारलं होतं का? आता म्हणे माझ्याच दुकानात शिरायला मला कार्ड लागणार? उद्या म्हणतील, श्वास घ्यायलाही कार्ड काढ.”

“श्वासाचं कार्ड मिळत असतं ना दादा, तर ह्यांच्यासाठी मी आख्खी रात्र रांगेत काढली असती.”

यावर तो भाता जोरात ओढायचा, आणि धुराने दोघांचेही डोळे चुरचुरायचे.

मग पालिकेचं फर्मान निघालं: लसीचं कार्ड नाही, त्याला बाजारात प्रवेश नाही. बाजाराच्या तोंडाशी, गोदामाच्या दाराला लागूनच, लोखंडी कठडा बसला, कार्ड बघायला एक पहारेकरी उभा राहिला आणि वर्षानुवर्षं एकमेकांच्या गल्ल्यावर बसणारी माणसं एकमेकांच्या उरावर बसली. चौकात सभा भरली. “आमच्या घरात म्हातारी माणसं आहेत, कार्ड नसलेल्याला हाकला,” असं एक बाजू ओरडत होती. “अंग आमचं, त्यात सुई टोचायला तुम्ही कोण?” असं दुसरी. मुद्दे दोन्हीकडे होते, पण ऐकायला कान कुणाकडेच नव्हते. पहिली खुर्ची कुणी फेकली ते देवाला ठाऊक. चहावाल्याचं डोकं फुटलं. पहारेकऱ्याचे पुढचे दात त्याच्याच शिट्टीवर आपटून पडले. त्याचा सूड म्हणून कार्डवाल्यांनी एका भाजीवाल्याला केसांना धरून कठड्याबाहेर फरफटत नेलं आणि तो निपचित पडेपर्यंत लाथा घातल्या. त्यात शिकलेले होते, अडाणी होते, आणि रोज सकाळी त्याच्याकडून कोथिंबीर फुकट घेणारेही होते.

त्यानंतर पत्रेवाला दुकानात आला; कार्ड नसलेले तो आणि दादा दोघेही पहारेकरी यायच्या आधी, पहाटेच आपापल्या गाळ्यात शिरत. समोरच्या गाळ्यात पत्रे कापणारा हा गडी कार्डविरोधकांचा म्होरक्या झाला होता. त्याला पहारी हव्या होत्या, सहा, आणि लगेच.

“एवढ्या पहारी कशाला?” घणाताईने विचारलं. “कुठे खणायचंय?”

पत्रेवाल्याने दादाकडे पाहिलं. दादाने लोखंडाकडे पाहिलं.

“तू घण मार,” दादा म्हणाला.

तिने मारला. दिवसभर दोघांनी त्या पहारी घडवल्या. कठडा उपटायला त्या लागणार आहेत, एवढं दादाला ठाऊक होतं. फक्त कठडाच, असं पत्रेवाल्याने त्याला सांगितलं होतं, आणि त्याला ते खरं मानायचं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आरडाओरडा झाला. अर्धा कठडा आडवा झाला होता आणि जमाव तिथे न थांबता सरळ गोदामात घुसला होता. घणाताई हातात होता तो घण तसाच घेऊन धावली. केंद्राच्या दारात काचांचा खच पडला होता, लसीच्या पेट्या फोडून पायदळी तुडवल्या होत्या, आणि तिची लेक भिंतीला टेकून बसली होती. मनगट आणि कोपर यांच्या मधेच तिचा हात वाकला होता. तिथून हाड बाहेर आलं होतं.

“पेटीवर हात आडवा धरला, म्हणून मारलं गं आई,” ती एवढंच म्हणाली.

पहार अजून पत्रेवाल्याच्याच हातात होती. घणाताईने घणाचा दांडा त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला, तशी तिने त्याच्या छातीवर पाय दिला आणि घण उचलला, रोज उचलायची तसाच, पुरता डोक्यावर. त्याच्या डोक्याचा चेंदामेंदा करायचा, दुसरं काही तिच्या मनात नव्हतं. आजूबाजूची माणसं किंचाळत मागे सरली. एकही मायेचा पूत पुढे आला नाही.

टण टण.

हात आपोआप वळला. घण पत्रेवाल्याच्या कानाशेजारी फरशीवर आदळला, फरशी तडकली. दारापाशी कठड्याचा एक खांब अजून उभा होता, त्याच्यावर हातोडी टेकून दादा धापा टाकत होता.

“थांब,” तो म्हणाला. “पोरीला आई नको का?”

ती थांबली होती. रागाने आणि सुटकेने तिला एकदमच रडू फुटलं. तेवढ्यात तिची नजर जमिनीवर पडलेल्या पहारीवर गेली. पहारीच्या अंगावर सपाट चट्टे होते. आपल्या घणाचा चट्टा तिला अंधारात नुसत्या बोटांनी ओळखता आला असता. आणि आता त्या चट्ट्यांना रक्त लागलं होतं.

“तुला माहीत होतं?”

“फक्त कठडा म्हणाले होते गं...”

“तुला माहीत होतं!”

तिने घण पुन्हा उचलला. दादाने खांबावर हातोडी वाजवली. टण टण. मग पुन्हा, घाईघाईने. पळाला मात्र नाही. या वेळी ती थांबली नाही. घण हातोडीवर पडला, आणि हातोडीसकट तिच्या दांड्यावर आवळलेली दादाची बोटं खांबावर चिरडली गेली.

दवाखान्यात पोलिसांनी विचारलं, हे कुणी केलं? “काम करताना माझाच हात मध्ये आला,” दादा म्हणाला. पत्रेवाल्याला पकडून नेलं.

काही महिन्यांनी पालिकेने कार्डाचा नियम गुपचूप मागे घेतला. उरलेला कठडा भंगारात गेला. चहावाला आता त्याचं डोकं फोडणाऱ्यालाच चहा देतो, वर साखर कमी झाली का म्हणून विचारतो. लेकीचा हात जुळला, पण वाकडा. दादाने लस अजूनही घेतलेली नाही. घणाताईनेही त्याला पुन्हा कधी विचारलं नाही.

दुकान चालू आहे. दादाची उजवी मूठ मिटत नाही, त्यामुळे हातोडी धरता येत नाही आणि थांबायची खूण आता कुणी देत नाही. ‘इथे’ असं तो तोंडाने सांगतो. सांडशी डाव्या हातात, तो हात ऐरणीला अगदी लागून. दादा अजूनही घणाकडे बघत नाही. पहिल्यासारखाच मान खाली घालून तो लोखंडाकडे बघत बसतो.

घणाताई मात्र आता लोखंडाकडे बघत नाही. घण वर गेला की तिला फक्त त्याचा तो उरलेला हात दिसतो.