हजर सदस्य: एक

१९५७ साली बेंगळूरजवळच्या होसकोट्याच्या बाजूला पक्षाचे गट दोन होते आणि तिकीट एक. तीन दिवस भांडून झाल्यावर दोन्ही गटांचे ठकुबाईंवर एकमत झाले. एका गटाचे म्हणणे, बाई काही करणार नाहीत. दुसऱ्याचेही तेच. इतक्या भक्कम पायावर फार थोड्यांची राजकीय कारकीर्द उभी राहिली असेल.

ठकुबाईंचे पूर्वज कधीकाळी कुठल्याशा फौजेबरोबर या मुलखात आले, आणि फौज परत गेली तरी राहिले. घरी मराठी, शेतात कन्नड, रागावल्यावर दोन्ही. शिक्षण तिसरीपर्यंत, कारण त्यांची वाडी आणि शाळा यांच्यामध्ये तलावाच्या सांडव्याचा ओढा होता. तलाव भरला की ओढा श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत वाहायचा. मुलगे बापाच्या खांद्यावर बसून शाळेत जात. मुलींसाठी खांदे मोकळे नसत.

भाऊ परसू याची मुलगी चंपा तर पुढे तीन वर्षे तिसरीतच होती. अर्धे वर्ष बुडाले की मास्तर तिला पुन्हा त्याच वर्गात बसवत. तिला ती पुस्तके पाठ झाली होती.

निवडून आल्यावर ठकुबाईंनी पाच वर्षांत सभागृहात एकच प्रश्न विचारला. १९५८ साली. ओढ्यावर पायी जाण्यापुरता साकव बांधणार का? मंत्री उठले, "बांधू" म्हणाले आणि बसले. ठकुबाईंनी त्याच संध्याकाळी वाडीत जाऊन साकव झाल्याचे सांगून टाकले. सभागृहात बोललेले घडतेच, असा त्यांचा समज होता. नव्या सदस्यांत तो अधूनमधून आढळतो.

मंत्र्यांनी दिलेल्या शब्दांचे पुढे काय झाले, हे पाहणारी एक समिती असते. तिच्यावर जायला कोणी फारसे उत्सुक नसते. ठकुबाई स्वतः मागणी करून गेल्या. समितीचे कारकून हयवदनराव बेंगळूरचेच, घरी जुनी मराठी बोलणारे. अधिवेशन असो नसो, ओढ्याला पाणी असो नसो, दर गुरुवारी ठकुबाई बसने येऊन विधानसौधातल्या त्यांच्या टेबलापुढे उभ्या राहत.

"अण्णा, काय म्हणतो साकव?"

"विचाराधीन आहे, अक्का."

"मागल्या गुरुवारीही तेच होतं की."

"विचार मोठा आहे हो. स्वल्प वेळ लागतो."

खात्याचे इंजिनियर पाहणीला तीनदा आले. तिन्ही वेळा फेब्रुवारीत. अहवालही तिन्ही वेळा एकच: 'स्थळपाहणीत पाणी आढळले नाही. साकवाची आवश्यकता दिसत नाही.'

१९६१च्या आषाढात परसू म्हणाला, "अक्का, चंपी अकराची झाली. औंदा शाळा बुडाली की पुरे. वैशाखात लगीन उरकून टाकतो." त्याच आठवड्यात गुरुवारी हयवदनरावांनीही चष्मा पुसत सांगितले, की काही महिन्यांत विधानसभेची मुदत संपेल, आणि तिच्याबरोबर न पाळलेले सगळे शब्दही संपतील.

"म्हणजे?"

"म्हणजे खातं नुसतं बसून राहिलं तरी जिंकतं."

"आणि चंपी?"

हयवदनरावांनी नोंदवही मिटली. "चंपाचा रकाना आमच्याकडे नाही, अक्का."

पुढच्या बैठकीत ठकुबाईंनी सुचवले, की ऑक्टोबरची बैठक आमच्या वाडीत घ्यावी. समिती राज्यात कुठेही बसू शकते, हे त्यांना हयवदनरावांनीच सांगितले होते.

"तिथं बघण्यासारखं काय आहे?" अध्यक्षांनी विचारले.

"जेवण आहे," ठकुबाई म्हणाल्या. ठराव एकमताने मंजूर झाला.

ठरल्या दिवशी अध्यक्ष, सहा सदस्य आणि हयवदनराव यांना घेऊन गाडी ओढ्यापाशी थांबली. पाणी तांबडे होते आणि त्याला घाई होती. पलीकडे सतरंजी, पुरणपोळ्यांची परात, आणि पहाटेपासून उभ्या असलेल्या ठकुबाई. चंपा त्यांच्या पदराला धरून. तुपाचा वास तेवढा या काठावर वेळेवर पोहोचला.

"अहो बाई," अध्यक्ष ओरडले, "यायचं कसं?"

"आमच्या पोरी येतात तसं!"

"पोरी कशा येतात?"

"येत नाहीत!"

अध्यक्षांनी आपल्या धोतराकडे पाहिले, मग घड्याळाकडे. वीस मिनिटे समिती उभी राहिली. मग गाडीत बसली.

"बैठक झाली नाही, असं लिहा," अध्यक्ष म्हणाले.

"कारण द्यावं लागतं, साहेब."

"खरं असेल ते द्या."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत हयवदनरावांना असा हुकूम प्रथमच मिळत होता. त्यांनी तिथेच मांडीवर कागद घेतला. 'सभास्थानाच्या वाटेवर छातीइतके पाणी असल्याने समितीला पोहोचता आले नाही. हजर सदस्य: एक.'

अध्यक्षांनी वाचले. सही केली तर उद्या सभागृहात हसे होणार, हे त्यांना कळत होते. त्यांनी खिडकीतून पलीकडे पाहिले. ती बाई अजून उभीच होती, पोरीच्या डोक्यावर पदर धरून.

"पेन द्या," ते म्हणाले.

आता खात्याच्या फायलीत दोन सरकारी कागद झाले. एकात पाणी नव्हते. दुसऱ्यात सात आमदार अडकले होते. सातही आमदारांना कोरड्या ओढ्याची भीती वाटली, असे लिहिणे कुठल्याही सचिवाला जमण्यासारखे नव्हते. जानेवारीत दगडी खांबांवर लांब फरश्या पडल्या. त्याच महिन्यात नव्या निवडणुकीची तिकिटे वाटली गेली. दोन्ही गटांचे पुन्हा एकमत झाले, या वेळी ठकुबाई नकोत यावर.

हयवदनराव किरकोळ रजा टाकून, स्वतःच्या खर्चाने बसने आले. नोंदवहीत 'पूर्ण' लिहिण्याआधी पाहून घ्यावे, असा काही नियम नव्हता.

"तिकिटाचं वाईट वाटलं, अक्का," साकवाच्या तोंडाशी ते म्हणाले. "मी जाऊन बोलू का कोणाशी? माझं कोण ऐकणार म्हणा, पण—"

"सरी, बरं, बोलू मग. आधी बाजूला व्हा."

"का?"

"पोरी येतायत."

साकव एका वेळी एकाच माणसापुरता होता. नऊ मुली दप्तरे सांभाळत, खाली उरलेसुरले पाणी पाहत येत होत्या. तिसरी संपवायला निघालेली चंपा सगळ्यांत पुढे, आणि तिला मध्येच थांबून फरशीवर टाच आपटून पाहायची होती.

"आपट, आपट," ठकुबाई म्हणाल्या. हयवदनराव छत्री काखेत धरून चिखलात उतरले आणि वाट देऊन उभे राहिले.