सहा मार्चचा केक

माझं खरं नाव स्कोलास्तिक. हसा, सगळेच हसतात. मी दहा फेब्रुवारीला जन्मले आणि त्या तारखेला कॅलेंडरात ज्या संताचं नाव छापलं होतं, ते आजीनं मला चिकटवून टाकलं. एक दिवस आधी आले असते तर आपोलीन झाले असते. पण मला कधी कुठे वेळेवर पोचता आलंय? गुडघ्याला लावायच्या मलमासारखं नाव घेऊन वाढले.

विसाव्या वर्षी इथल्या नगरपालिकेत नोकरी लागली, तेव्हा मी सरळ ठोकून दिलं की मी कोलेत. संत कोलेतचा दिवस सहा मार्चचा, आणि आमच्याकडे आपल्या नावाच्या संताचा दिवस वाढदिवसासारखा साजरा होतो. तेहतीस वर्षं त्या दिवशी ऑफिसातली माणसं मला केक आणतात आणि मी निर्लज्जासारखी दोन-दोन तुकडे खाते. बरं, काम काय, तर जन्मनोंदणीचं. एखादं नाव विचित्र वाटलं तर अडवायचा अधिकार माझा. 'पोरीनं तुमचं काय घोडं मारलंय हो?' असं कितीतरी बापांना सुनावलंय मी. मी!

एकच हौस उरली होती, कुणाची तरी धर्ममाता होऊन बाप्तिस्म्याला पोर हातात धरायची. पण आमच्याकडे धर्ममातेचं नाव पोरीला दुसरं नाव म्हणून लागतं. दोन भावांना मिळून पाच मुली झाल्या, मला एकीसाठीही विचारलं नाही. धाकटी वहिनी तर तोंडावर म्हणाली, "तुमच्या मायेला ना नाही हो वन्सं, पण नाव लागेल ना पोरीला!" तिथे हसले आणि घरी येऊन ढसाढसा रडले.

त्याच वहिनीची नादेज, माझी भाची. मुलांना खरं नाव कळू द्यायचं नाही, अशी भावांना माझी ताकीद होती, त्यामुळे ती मला कोलेत आत्याच म्हणे. तिला दिवस गेले आणि धर्ममाता म्हणून तिनं मला विचारलं. मी लोकरीची तीन झबली विणली, नावाबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

मुलगी झाली. नादेजचा नवरा रेजिस नोंदणीला आला आणि त्यानं माझ्यापुढे कागद ठेवला. क्लेमांस कोलेत.

"दुसरं नाव तुमचं, आत्या," तो म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं. गप्प बसले तर पोर जन्मभर माझी थाप मिरवणार. बोलले तर ती माझ्या हातून जाणार.

"रेजिस, कोलेत माझं नाव नाही," असं म्हणून मी खरं काय ते सांगितलं. वर स्वतःच म्हणाले, की दुसरी धर्ममाता बघा, मी राग धरणार नाही. धरलाच असता म्हणा.

तो शांतपणे म्हणाला, "नादेजला लहानपणापासून ठाऊक आहे. ती म्हणाली, आत्याला लाज वाटते, तर कोलेतच लिहू दे. पण आपणहून बोलली, तर खरं लिहायला सांग."

मी लिहिलं, क्लेमांस स्कोलास्तिक. बाप शुद्धीवर आहे का, हेही विचारलं नाही.

पुढच्या दहा फेब्रुवारीला दार वाजलं. बाहेर नादेज, तिच्या कडेवर क्लेमांस आणि हातात अक्रोडाचा केक. त्यावर साखरेनं एकच नाव लिहिलं होतं, माझं आणि क्लेमांसचं, दोघींचं. ते केकवर मावलं नव्हतं, शेवटचं अक्षर ताटलीवर उतरलं होतं.