उभ्या गाडीचा धूर

दोन महिने माझ्या बाबांचा जीव धोक्यात होता आणि मी गाडीचे सेन्सर बदलत बसले होते. 

गाडी बाबांची. जुनी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. रिटायर झाल्यावर हौसेने सेकंडहँड घेतलेली. "आपली गाडी धूर सोडत नाही," असं मुलुंडच्या आमच्या सोसायटीत येईल-जाईल त्याला ऐकवायचे. घटस्फोटानंतर मी त्यांच्या वन बीएचकेमध्ये राहायला परत आले आणि गाडीचं सगळं माझ्याकडे आलं. चालवायची मी, गॅरेजला न्यायची मी, शिव्या घालायच्या त्याही मीच.

त्या उन्हाळ्यात डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर मी ऑनलाइन मागवला. त्यात कोड आला, धूर साफ करणारी यंत्रणा नीट काम करत नाही म्हणून. कोड पुसला, दिवा विझला, दोन दिवसांनी परत हजर. गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर बदलला. मग दुसरा बदलला. सायलेन्सरचा एक सांधाही लीक होतोय, पार्ट आला की करू, म्हणाला. नाकात दम आला होता नुसता. पीयूसी संपत आली होती, आणि गाडी फेल झाली तर ती भंगारात काढायला लागेल या काळजीने बाबा मला रोज विचारायचे, "गेला का गं कोड?"

रविवारी मात्र गाडी शहाण्यासारखी वागायची. रविवारी माझे क्लास नसत. एरवी दुपारी आमच्या हॉलमध्ये दहावीची मुलं गणिताला बसायची, आणि बाबा जेवण उरकून, पिशवीत पेपर घालून वाचनालयात जायचे. संध्याकाळी यायचे ते डोकं धरूनच. "पित्त झालंय," म्हणायचे. मी आमसुलाचं सार करून द्यायचे आणि उन्हातान्हात फिरता कशाला म्हणून ओरडायचे. रविवारी त्यांचं पित्तही शांत असायचं. हेही मला दिसत होतं, कोडही दिसत होता, पण दोन्ही एकत्र करून बघायची अक्कल सुचली नाही. कोणाला सुचेल?

एका सकाळी स्कॅनरशी खटपट करताना कळलं की कोड पडला त्या क्षणी गाडी काय करत होती तेही त्यात साठवलेलं असतं. उघडून बघितलं. वेग शून्य. एसी चालू. इंजिन बराच वेळ सुरू. इंजिनात जाणारी हवा भट्टीसारखी तापलेली. मी बघतच राहिले. मी तर गाडी कधीच अशी उभी करून चालू ठेवत नाही.

म्हणजे माझ्या गाडीत एसी लावून दुसरंच कोणीतरी बसत होतं. पार्किंगमध्ये गाड्या एकीमागे एक लागतात, मागेपुढे करायला जादा चावी वॉचमनकडे ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे. बस्स, माझं डोकं फिरलं. फुकटात एसी खातोय काय? त्या दुपारी मुलांना गणितं सोडवायला दिली आणि त्याला रंगेहाथ पकडायला खाली उतरले.

वॉचमन गेटपाशी स्टुलावर बसला होता. गाडीवर तिचं राखाडी कव्हर टायरपर्यंत ओढलेलं. आणि ते कव्हर थरथरत होतं. आत इंजिन चालू होतं.

मला कव्हरला हात घालताना बघून वॉचमन धावत आला. "ताई, नका काढू. बाबा झोपलेत आत."

"कोण बाबा?" मी विचारलं. खरंच, असंच विचारलं.

"तुमचे. रोज असतात ना दुपारी. मीच घालतो कव्हर."

मी कव्हर ओढून काढलं. मागच्या सीटवर बाबा कलंडले होते, तोंड उघडं, ऐकायचं मशीन खिशात. दार उघडलं तर आतून गरम, घुसमटलेला वास आला. हाका मारल्या, हलवलं. डोळे उघडले पण मला ओळखेनात. वॉचमन आणि मी त्यांना ओढून गेटबाहेर मोकळ्यावर आणलं. तिथे त्यांना उलटी झाली. वॉचमन रडायलाच लागला, "मला काय माहीत, ते म्हणाले बॅटरीवर चालते." तीच त्यांचीही समजूत. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं, आणि मशीन काढल्यावर त्यांना ते ऐकूही येत नव्हतं. कव्हरखाली धूर कोंडायचा, इंजिन तोच परत ओढायचं, आणि त्यांचं नाकही.

रिक्षात घालून हॉस्पिटल गाठलं. ऑक्सिजन लावल्यावर तासाभराने ते भानावर आले. मला भयंकर राग आला होता. विचारलं, वाचनालय सोडून गाडीत कशाला?

"वाचनालयात झोपू देत नाहीत गं." मास्क जरा बाजूला केला. "आणि हॉलमध्ये म्हातारा घोरत असला तर तुझ्याकडे मुलं कोण पाठवेल?"

"आणि कव्हर? कव्हर कशाला घालून घेत होता?"

त्यांनी अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "कोणी पाहिलं असतं तर लोक म्हणाले असते, मुलगी घरी आली आणि बापाला खाली काढलं."

मी मास्क परत त्यांच्या नाकावर बसवला. त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिले. तेवढ्यात डॉक्टर आली, तरुण मुलगी होती. म्हणाली, "काका, असं किती दिवसांपासून चाललंय? खरं सांगा, त्यावर पुढच्या तपासण्या ठरतील. मेंदूवर परिणाम होतो याचा."

"आजच," बाबा म्हणाले. "चष्मा राहिला होता गाडीत, घ्यायला गेलो आणि डोळा लागला." आणि त्यांनी माझा हात घट्ट दाबला.

"दोन महिने," मी म्हणाले. "रोज दुपारी. घरी माझे क्लास चालतात म्हणून."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी माझा हात सोडला.